दोन्ही हात वर

दि. ४ मार्च
चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. आधी एवढं वाच: तुझी मुंगी बरी आहे. मग बाकीचं वाच.

तुझं पार्सल माझी पाठ वळताच तिनं फोडलं. खाऊबरोबर माझ्या कंबरेच्या गोळ्याही खाल्ल्या. आईकडून आलेलं सगळं आपलंच, असा तिचा हिशोब. झटके आले, दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी उठून बिस्किट मागितलं, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

घरी आल्यावर ‘घे मला’ म्हणताना मात्र तिनं एकच हात वर केला. एक्स-रेत खांद्याजवळचं हाड मोडलेलं निघालं. ती पडली नव्हती, आपटली नव्हती. तरुण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, हात कोणी पिरगाळला? तुलाही तसंच वाटलं तर, या धास्तीनं लिहायला उशीर झाला.
तुझी,
ताई

दि. १३ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
तू आणि तिचा हात पिरगाळणार? डोकं ठिकाणावर आहे ना? अगं, लहानपणी माझ्या वाटचा मारसुद्धा तूच खाल्लास!

आमच्या कारखान्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधानं झटके आले की स्नायू असे आवळतात की न पडताही हाड मोडू शकतं. त्यांना विचारलं ते तुला तिथल्या डॉक्टरांना सांगता यावं म्हणून. माझी खात्री आधीच होती.

गोळ्या खाऊबरोबर मीच बांधल्या, याचं फार वाईट वाटतं. इथं दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांचे फ्रॉक शिवते. बाही लावताना तिचा दंड आठवतो आणि मशीन थांबतं. हंगाम संपेपर्यंत रजा नाही म्हणतात.
तुझ्या रागालोभाची,
धाकटी

दि. २४ एप्रिल
चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. मोठ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. तरुण डॉक्टर ओशाळले, चहा पाजला.

गळ्यातली झोळी निघाली, हाड जुळलं. पण मुंगी हात वर करेना. हलवला नाही तर खांदा आखडेल म्हणतात. मी खाऊ दाखवला, नाचले, कंबर धरून बसले. ही ढिम्म!

आज दुपारी दार वाजलं. तू आलीस असं वाटून ती धावत सुटली आणि दारात उभी राहिली, दोन्ही हात वर करून. अगदी पूर्ण वर. समोर टपालवाला होता. मी उचलून घेतलं, पण तिची मान दाराकडेच.

हात बरा झालाय गं. भांड, रड, पण रजा मिळव. गोळ्या पाठवू नकोस, खाऊही नको. तू ये.
वाट पाहणाऱ्या,
ताई आणि मुंगी