मोतिया सोफा, डाग शून्य

रविवार, ३ सप्टेंबर

नवा सोफा हॉलमध्ये आला. फुकट. दुकान माझं, कारागीर माझा, कापड माझं, तेव्हा फुकटच म्हणायचा. तरी हिशेबाला चोख माणूस म्हणून खरी किंमत टिपून ठेवतो: डाग-विरोधी स्प्रेच्या दोन बाटल्या, एक मऊ ब्रश, सोफ्यापुरता वेगळा व्हॅक्यूम क्लीनर, टेम्पोवाल्याने जिन्यात खरवडलेली शेजाऱ्यांची भिंत, आणि हिने माझ्याशी अबोला धरून काढलेली एक संध्याकाळ. संध्याकाळ तशी निवांत गेली, म्हणून ती खर्चात धरत नाही.

रंग मोतिया. ही म्हणते, पांढरा. पांढरा वेगळा आणि मोतिया वेगळा, हे सोफे विकणाऱ्याला कळतं, बसणाऱ्याला कळत नाही. ही म्हणाली, अहो, घरात सहा वर्षांची एक आणि तीन वर्षांचा एक आहे, जरा तरी भान ठेवा. मी म्हटलं, म्हणूनच तर आणला! लहान मुलं असली की कापडाचा सोफा ठेवता येत नाही, हे लोकांच्या डोक्यात बसलंय. मी ठेवून दाखवणार. मी प्लास्टिकची स्टुलं खांद्यावर घेऊन दारोदार फिरलेला माणूस, मला काय अशक्य आहे? माझी पोरं आणि माझा सोफा, हीच माझी जाहिरात.

हिला न सांगितलेली गोष्ट: या मोतिया कापडाचे तागे मी गोदाम भरून उचललेत. फार स्वस्त मिळत होते. का मिळत होते, ते विचारायचं राहून गेलं.

मंगळवार, ५ सप्टेंबर

सकाळी पोरांची बैठक घेतली. नियम: सोफ्यावर खायचं नाही. प्यायचं नाही. बूट नाहीत. रंगीत खडू नाहीत. धाकटा, म्हणजे आमचा गोळा, ऐकता ऐकता झोपला. थोरलीला घरात सगळे वकीलबाई म्हणतात. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, नियम एवढेच ना? मी कौतुकाने हो म्हटलं.

संध्याकाळी गोळा सोफ्यावर लालभडक लॉलीपॉप घेऊन आडवा. मी ओरडलो. वकीलबाई मधे उभी राहिली. म्हणाली, पप्पा, तो खात नाहीये. चोखतोय. नियमात नव्हतं.

आहे खरं डोकं. माझ्यावर गेलीय.

गादीवर लाल ठसा. घासला तर पसरला. तेव्हा गादी उलटली. ही आमच्या धंद्यातली बाराखडी: गादीला दोन बाजू असतात. जो दिसतो तो डाग. हा दिसत नाही.

डाग शून्य.

शुक्रवार, ८ सप्टेंबर

मोठा दिवस!

दुकानात लहान मुलांच्या डॉक्टर आल्या. नवं क्लिनिक बांधताहेत. खाली वेटिंग हॉल, वर आणखी एक, दोन्हीकडे सोफेच सोफे हवेत. एवढं काम मिळालं तर गोदाम झाडून रिकामं होईल आणि हिला काही सांगायची वेळच येणार नाही.

मी आमचा नेहमीचा डेमो दिला. मोतिया कापडावर ग्लासभर पाणी ओतलं. थेंब गोट्यांसारखे गडगडत खाली गेले. डॉक्टर म्हणाल्या, छान आहे, पण माझ्याकडची पोरं पाणी सांडत नाहीत हो.

घोळ असा की त्या आधी समोरच्या दुकानात जाऊन आल्या होत्या. समोरचं दुकान म्हणजे माझा मेव्हणा, हिचा सख्खा धाकटा भाऊ. स्टेपल मारायला माझ्याकडे शिकला आणि बरोबर माझ्या तोंडासमोर शटर उघडलं. विकतो काय, तर रेक्झिन. मी त्याला सोफा म्हणत नाही, बसायची पिशवी म्हणतो. आणि बोलणं काय, तर एकच वाक्य: ताई, फडकं मारलं की झालं.

पण माझा कान तिखट. गिऱ्हाईक काय बोलतं त्यावर मी कधी जात नाही, काय पुटपुटतं ते ऐकतो. डॉक्टर दारात फोनवर हळूच म्हणाल्या, कापडाचा देखणा आहे गं, पण टिकायचा नाही. मी दोन ढांगांत त्यांच्यासमोर. म्हटलं, डॉक्टर, माझ्या घरी चला. हेच कापड, दोन पोरं, रोजचा वापर. स्वतः बघा आणि मग ठरवा. त्या हसल्या. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी येते म्हणाल्या.

घरी सांगितलं, मुलांच्या डॉक्टर चहाला येताहेत. हिने आधी दोघांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

रविवार, १० सप्टेंबर

एक गोष्ट मान्य करायला हवी. आतल्या खोलीत पेपर वाचत असतानाही हॉलमध्ये कोण काय खातंय ते मला कानाने कळतं. बिस्किट, वेफर्स, सफरचंद, सगळ्यांचे आवाज मला पाठ. केळ्याचा आवाज होत नाही. ही त्या फळातली मोठी खोट आहे.

दुसरी गादी उलटली.

दुपारी वकीलबाईने येऊन सांगितलं, पप्पा, मी तुमच्या सोफ्याचं चित्र काढलंय. मी खूश झालो. विचारलं, कुठे? ती म्हणाली, सोफ्यावर. जांभळ्या स्केचपेनने. खडू नाही, हे तिने मी विचारायच्या आत सांगितलं. चित्र, खरं सांगायचं तर, मापाला अचूक आहे.

तिसरी गादी उलटली. राखीव बाजू संपल्या.

आता एकच नियम, पळवाटच नाही: पुढच्या रविवारपर्यंत सोफ्यावर कोणी बसायचं नाही. ही म्हणाली, मग आणलात कशाला? मी म्हटलं, शोरूममध्येसुद्धा कोणी बसत नाही. ही म्हणाली, हे घर आहे. मी म्हटलं, तेच तर पटवून द्यायचंय ना डॉक्टरांना!

चौघं चटईवर जेवलो. पाठीला चांगलं असतं.

बुधवार, १३ सप्टेंबर

अप्रतिम चालू आहे. गोळा सोफ्याजवळून जाताना हात मागे बांधून जातो. याला म्हणतात वळण.

शिवाय डोक्यातून एक फर्मास कल्पना निघाली. हिला म्हटलं, पोरांना शाळेतून परस्पर मामाच्या दुकानातच सोडत जा. मी संध्याकाळी घेऊन येतो. ही चक्रावली. म्हणाली, एवढं प्रेम कधीपासून? हिशेब सोपा आहे. इकडे माझा सोफा स्वच्छ, तिकडे त्याच्या सोफ्यांची वाट. एका फेरीत दोन कामं.

काउंटरवरून काचेतून सगळं दिसतं. गोळा जॅम लावलेला ब्रेड हातात घेऊन त्याच्या सोफ्यावर उड्या मारत होता. वकीलबाई सोफ्याच्या पाठीवर चढून घसरगुंडी. मेव्हणा बिचारा शीळ घालत नुसता फडकं मारत होता. दिवसभर दुसरं काम नाही. फार दमत असणार. चार-पाच गिऱ्हाइकं तर तमाशा बघायला काचेशी थांबली होती. मग आतही गेली, बहुधा समजूत घालायला.

एवढं हसू मला कित्येक दिवसांत आलं नव्हतं.

शनिवार, १६ सप्टेंबर

उद्याची तालीम घेतली. डॉक्टरांनी विचारलं तर म्हणायचं, आम्ही रोज इथेच बसतो. वकीलबाई म्हणाली, पप्पा, खोटं बोलायचं नाही हा तुमचाच नियम आहे, सोफ्याच्या आधीचा. मी म्हटलं, बरं, मग काही बोलू नका, नुसतं हसा. गोळ्याने हसून दाखवलं. जरा कमी हस म्हटलं.

शेवटचा नियम: गादी कोणी उलटायची नाही. कुणीच नाही.

ही स्वयंपाकघरातून ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, अहो, एका ऑर्डरसाठी पोरांना कशाला पढवताय? इतकं काय अडलंय? तेव्हा मला गोदामाचं सांगावं लागलं. छतापर्यंत तागे आहेत म्हटलं. गोदामाचं भाडंही थकलंय, तेही सांगून टाकलं, एकदाच काय ते.

ही चटईवर बसून पोरांचे कपडे घड्या घालत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मग उठली आणि उद्यासाठी चांगले कप काढून पुसून ठेवले.

उद्या मी हिला दाखवतोच.

रविवार, १७ सप्टेंबर

भेट उत्तम झाली. झाली तशी लिहितो.

डॉक्टर आल्या. सोफा ऊन पडल्यासारखा चमकत होता. त्या बसायला वळल्या आणि गोळा नाSSही म्हणून असा किंचाळला की हिच्या हातातला चहा बशीत आला. त्याने डॉक्टरांचा हात धरून त्यांना ओढत चटईवर नेऊन बसवलं. मी म्हटलं, फार माया आहे त्याला पाहुण्यांची. डॉक्टर मजेत मांडी घालून बसल्या. मलाही बसावं लागलं.

मग त्यांनी बसल्या बसल्याच हात लांब करून फोम दाबून पाहिला. चांगलं गिऱ्हाईक तेच करतं. वकीलबाई अदबीने म्हणाली, डॉक्टर, गादी उलटायची नाही. नियम आहे. कालच झालाय.

डॉक्टरांनी गादी उलटली.

मग दुसरी. मग तिसरी. क्ष-किरणांचे फोटो बघावेत तशा एकेक निरखून बघत होत्या. लाल ठशाला म्हणाल्या, लॉलीपॉप. दुसरीला म्हणाल्या, केळं, हे नाही जायचं. चित्राला मात्र छान म्हणाल्या. मी सांगितलं, या बाजूला आम्ही कापडाची परीक्षा घेत असतो. त्यांनी मान हलवली. म्हणजे पटलं.

त्यांनी वकीलबाईला विचारलं, मग तुम्हाला सोफ्यावर बसावंसं वाटलं तर कुठे बसता गं? ती म्हणाली, मामाच्या दुकानात. तिथे उड्यापण चालतात.

मी चहाला साखर बरोबर आहे का विचारलं.

ही तोंडाला पदर लावून आत गेली. आधी वाटलं रडते की काय. हसत होती. कालपासून पहिल्यांदा.

जाताना डॉक्टर म्हणाल्या, शेठ, पोरं झकास आहेत तुमची, कळवते तुम्हाला. आता कान असला की कळतं. ज्याला घ्यायचं नसतं तो म्हणतो, बघू. 'कळवते' म्हणजे काम आपलंच.

बुधवार, २० सप्टेंबर

डॉक्टरांचा फोन नाही. बांधकामात असतील.

समोर टेम्पोतून रेक्झिनचे रोल उतरताहेत. दुपारपासून उतरताहेत. मेव्हण्याला कुठलं तरी काम लागलेलं दिसतं. माझ्या मनात काही नाही. आपलाच आहे.

गुरुवार, २१ सप्टेंबर

डॉक्टरांनी दोन्ही हॉलचं काम मेव्हण्याला दिलं.

हिने सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता, मान वर न करता. ठीक आहे. उन्हाळा येऊ दे. उघड्या मांड्या रेक्झिनला चिकटल्या आणि पोरं बोंबलायला लागली की त्यांना माझा डेमो आठवेल. तोवर मी थांबायला तयार आहे. कापड कुठे पळून जातंय?

संध्याकाळी मेव्हणा आला. म्हणाला, भाऊजी, क्लिनिकमध्ये टेकायच्या उशा लागतील, तुमचं मोतिया कापड त्यांना खोळी शिवायला घेऊ का? खोळी धुता येतात. ताईने सांगितलं गोदामाचं. मी म्हटलं, माझं कापड बसायचं आहे, उशांचं नाही. तो गेला. ही नुसती माझ्याकडे बघत राहिली.

रात्री जेवणाआधी दोन तागे त्याच्याकडे पाठवले. उपकार म्हणून. त्याच्यावर.

सोमवार, २५ सप्टेंबर

सकाळी सर्व नियम मागे घेतले. जाहीर केलं, आजपासून सोफा खुला. खा, प्या, उड्या मारा, हवं ते चित्र काढा. भ्यालो म्हणून नाही. परीक्षेचा दुसरा टप्पा म्हणून. गोळा सोफ्याकडे बघत हात मागे बांधून उभा राहिला. वकीलबाई बूट घालत होती. म्हणाली, पप्पा, आज नको, आज मामाकडे आमचे फोटो बघायचेत.

मी एकटाच बसलो. सोफा उत्तम आहे. पाठ कशी टेकते! कोणी काही म्हणो, मोतियाला तोड नाही. आणखी थोडे तागे घ्यावेत की काय, असाही विचार मनात येऊन गेला.

संध्याकाळी दुकान बंद करताना पाहिलं. मेव्हण्याने शटरवर मोठा नवा बोर्ड लावलाय, खाली दोन दिवे सोडलेत. तपकिरी रेक्झिनचा सोफा आणि त्यावर उड्या मारणारी दोन पोरं. गिऱ्हाइकं थांबून बघतात.

दोन्ही पोरं माझी आहेत.