बसल्या जागी

सोमवार, दि. ३

आज नोकरीवर रुजू झाले. परीक्षेत पहिली आले तेव्हाही झाला नव्हता एवढा आनंद आज झाला आहे, आणि तो सांगायला इथे ओळखीचे कोणी नाही, म्हणून ही रोजनिशी उघडली. वृक्षोद्यानातल्या जुन्या झाडांच्या बुंध्यांची मापे घ्यायची आणि त्यांच्या नावांच्या पाट्या लिहायच्या, हे माझे काम. राहायला उद्यानातच तळमजल्यावरची खोली मिळाली आहे. एक खाट, एक टेबल, टेबलापाशी खिडकी, आणि खिडकीसमोर उद्यानातले सर्वांत मोठे झाड. त्याचा बुंधा मुळीच दिसत नाही. पायथ्यापासून शेंड्यापर्यंत आयव्हीची वेल चढली आहे. हिरवा झगा घालून कोणी भारदस्त गृहस्थ उभे असावेत, तसे ते दिसते.

आई सोडायला आली होती. टेबलावर उजेड नीट येतो हे पाहिल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. निघताना ती बाईंना, म्हणजे इथल्या मुख्य माळीणबाईंना, बजावून गेली की ही वाचत बसलेली दिसली तर हाक मारू नका. आमच्या घरचा तो नियमच आहे. मी वाचत असले की आई दारातून डोकावते आणि पाय न वाजवता परत जाते. पाहुण्यांनाही तशीच परस्पर वाटेला लावते. बाईंनी ऐकून घेतले, पण त्यांना ते रुचलेले दिसले नाही.

शुक्रवार, दि. ७

इथली माणसे मोठी गमतीची आहेत. कोणी म्हणून एका जागी बसत नाही. दुपारचा डबासुद्धा चालत चालत खातात. उभे राहून बोलायची वेळ आलीच, तर गोठ्यातल्या म्हशीसारखे पाय आपटत राहतात. एवढ्या विस्तीर्ण उद्यानात एकही बाक नाही. मी खिडकीसमोरच्या त्या झाडाला टेकून पुस्तक उघडले, तर बाई लगबगीने आल्या, माझ्या घोट्यांवरून झाडूचे दोन फटकारे मारले आणि म्हणाल्या, इथे टेकायचं नसतं, ताई. कारण विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. मनात मात्र म्हटले, आयव्ही परजीवी नव्हे. तिला हवा असतो तो केवळ आधार. हे वाक्य मी परीक्षेत लिहिले होते आणि त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते.

माळ्यांनी माझे नाव ‘वाचनालय’ ठेवले आहे. ‘वाचनालय उघडलं का?’ असे एकमेकांना विचारतात. मला राग येत नाही.

साहेबांना, म्हणजे अधीक्षकांना, भेटले. कचेरीच्या खिडकीशी खुर्चीत बसले होते, गळ्यापर्यंत शाल. खिडकीतून वेल आत आली आहे आणि तिला कोणी छाटलेले नाही. त्यांचा आवाज वाळकी पाने चुरल्यासारखा, पण बोलणे मायेचे. माझ्याकडे निरखून पाहत म्हणाले, “तुमची बैठक चांगली दिसते. अशी माणसं हल्ली मिळत नाहीत.”

शाळेपासून माझे हेच कौतुक होत आले आहे. बाहेर आल्यावर बाईंना म्हटले की साहेब फार चांगले आहेत. त्या पाय हलवत म्हणाल्या, “चांगलेच आहेत हो. फक्त उठत नाहीत.” बाकीच्या माळ्यांनी आपापले डबे उचलले आणि ते चालू लागले.

बुधवार, दि. १२

बाईंची नजर चुकवून रोज दुपारी झाडाखाली वाचते. सावली गार असते. वास मात्र सुरुवातीला सोसत नाही; ओले पंचे बादलीत तसेच राहून आंबल्यावर येतो, तसला. पानांच्या पाठींना बुळबुळीत काहीतरी लागलेले असते आणि ते बोटांवरून साबणानेही जात नाही.

आज पुस्तक मिटून उठले तर पाय ओढल्यासारखा वाटला. पोटरीला वेलीचे एक टोक चिकटले होते. गोमेचे पाय असावेत तशी बारीक, फिकट मुळे त्वचेवर रांगेने टेकली होती. ओढले, तर एकेक मूळ चुळुक चुळुक आवाज करीत सुटले. मागे पांढरे, ओलसर ठिपके राहिले. मी तिथेच ओकले.

पाय पुनःपुन्हा धुतला. जेवण गेले नाही. ताटातल्या प्रत्येक शेवईत मला ती मुळे दिसत होती.

सोमवार, दि. १७

साहेबांनी मोठ्या झाडाचे माप मागितले आहे. त्यासाठी वेल सोलून बुंधा उघडा करायला हवा. बाई म्हणाल्या, उगाच हात घालू नका, त्या झाडाचं माप आजवर कोणी घेतलेलं नाही. पण नोकरी अजून कायम झालेली नाही; पहिल्याच कामाला नाही कसे म्हणायचे?

कोयता घेऊन लागले. वरची पाने दूर करताच आत गोगलगायी, एकीवर एक, भिंतीला पोपडे यावेत तशा. त्याखाली वेलीचे खोड, मनगटाएवढे जाड, केसाळ. केस ओले होते. कोयता लागला तिथून पांढरट चीक आला आणि माझ्या ओठांवर उडाला. चव नासलेल्या दुधाची. दिवसभर थुंकते आहे, तरी ती जिभेवरून जात नाही.

आणि ते खोड कोमट होते. तापलेल्या लेकराचे अंग लागावे तसे.

गुरुवार, दि. २०

आज आतपर्यंत पोचले.

आत झाड नाही.

साल नाही, लाकूड नाही. पोकळी आहे, आणि तिच्या तळाशी काळा, चिकट लगदा, ज्यात अळ्या वळवळत आहेत. झाड केव्हाच संपलेले आहे. त्याचा बुंधा, त्याच्या फांद्या, एका बाजूचे कुबड, सगळा आकार वेलीने जसाच्या तसा धरून ठेवला आहे. लांबून पाहणाऱ्याला वाटावे, केवढे हे झाड.

बाईंना बोलावून दाखवले. त्यांनी आत पाहिलेसुद्धा नाही. म्हणाल्या की ती हलत्याला धरत नाही, ताई, एवढंच आम्हाला ठाऊक. म्हणून तर आम्ही बसत नाही. मी दुपारी कुठे वाचत असते, हे त्यांनी तेव्हा विचारले. मला खोटे बोलता येत नाही.

त्यांनी माझी साडी गुडघ्यापर्यंत वर केली आणि पोटऱ्या पाहिल्या. ठिपके आता हिरवे झाले आहेत. प्रत्येकात एक केस उगवला आहे.

शनिवार, दि. २२

राजीनामा द्यायला साहेबांकडे गेले. खोलीत तोच आंबूस वास. कागद पुढे केला. त्यांनी हात पुढे केला नाही. शाल घसरली होती.

सदरा होता. सदऱ्याच्या आत ते नव्हते. खांद्यांचा, छातीचा, पोटाचा आकार होता, आणि गुंड्यांच्या फटींतून ती केसाळ, ओली खोडे दिसत होती, एकमेकींत घट्ट विणलेली. कॉलरमधून एक गोगलगाय वर आली आणि गालावरून सावकाश, चकाकती रेघ ओढत डोळ्यापर्यंत गेली. त्यांनी पापणी मिटली. डोळे त्यांचे होते. पाण्याने भरलेले.

“बसा,” ते म्हणाले.

मी पळाले. पण पळताना गुडघे वाकत नव्हते.

आईला फोन केला. आवाज इतका बसला आहे की तिला ओळखू येईना. मंगळवारी दुपारी न्यायला येते म्हणाली. औषध घे आणि पडून राहा म्हणाली.

सोमवार, दि. २४

बाई सकाळपासून मला चालवत आहेत. काखेत हात घालून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आता ताई म्हणत नाहीत. “चाल, पोरी. रडायचं तर रड, पण चालता चालता रड.” कोयत्याच्या टोकाने त्यांनी पायांवरचे सगळे खरवडून काढले. रक्त आले नाही. चीक आला.

अंगठ्याच्या नखाखालून फिकट कोंब — बाईंनी उपटला तेव्हा तो निघतच राहिला, लांबच लांब, आणि मला तो मांडीत सरकताना —

मंगळवारी उद्यानाला सुटी. बाई उद्या नाहीत. नातवाला ताप आहे. निघताना वचन घेतले: आई येईपर्यंत टेकायचे नाही. आईला तू उभी दिसली पाहिजेस.

मंगळवार, दि. २५, सकाळ

चालते आहे. भिंत, खिडकी, भिंत. खिडकी लावली तरी फटीतून —

तोंडात काहीतरी होते. दाताला अडकलेले. बोटाने काढले. पान. लहान, कोवळे, माझ्या थुंकीने भरलेले. जिभेखाली आणखी आहेत.

पाय बधिर. क्षणभर टेकते. एवढी ओळ लिहिण्यापुरती.

दुपार

खुर्चीचे पाय दिसत नाहीत. माझेही.

फोन खाटेवर आहे. हाक मारून पाहिली, पाने चुरल्याचा आवाज आला. पाठीच्या कण्यावरून ती मुळे एकेक टेकत वर येत आहेत. कोमट आहेत. आता ओकारी येत नाही. तीच भीती वाटते आहे, की किळस येत नाही.

डावा हात पुस्तकावर. पुस्तक उघडे आहे. मी उघडले नव्हते. मान वाकवली आहे, पुस्तकाकडे. मी वाकवली नाही.

फाटक वाजले. आईच्या चपला. बाहेर कोणाला तरी सांगते आहे की मुलगी आजारी आहे हो —

दार उघडले. मान वळत नाही. आई, मी वाचत नाही. मी वाचत नाही आहे. आई, ये, हात लाव, हाक मार, एकदा —

थांबली. दारातच. हसली असावी. आता ती पाय न वाजवता