कावळा नक्की कोणाच्या वचनाला शिवला?

श्री. श्रीधर भाऊजी यांना वहिनीचा नमस्कार.

तुमच्या गुडघ्याला नवीन तेल मानवलं असेल, हेमाही बरी असेल. माझी प्रकृती उत्तम आहे. रागानं माणूस तरतरीत राहतं, हे हल्लीच कळलं.

मागच्या आठवड्यात तुमचा केदार आला होता. (पुतण्या आहे, म्हणून आधी पोहे दिले, मग बोलले.) त्यानं लॅपटॉपवर एक झाड दाखवलं. पानं नाहीत, नुसत्या फांद्या. पुढचं काही माहीत नसताना टप्प्याटप्प्यानं निर्णय कसे घ्यायचे, त्याचं गणित म्हणे. कंपनी त्याला हे ट्रक आणि गोदामांसाठी करायचा पगार देते. माझ्यासाठी तो फुकट करतो. एका फांदीवर मी बाथरूममध्ये पडते, एकीवर लिफ्ट बंद पडते, एकीवर दोन्ही होतं, आणि सगळ्या फांद्या शेवटी विश्रांतवाडीला तुमच्या घरी पोचतात. मी म्हटलं, "अरे, हे झाड आहे की आळंदीची बस?"

मग त्यानं ओंकारेश्वराचा विषय काढला. ह्यांच्या दहाव्याला पिंड मांडलेला, कावळे समोर बसलेले आणि एकही शिवेना. केदारनं तेव्हाच बजावलं होतं की एकेकानं वचन द्या, थांबा, कावळा काय करतो ते बघा, मगच पुढचं बोला. पण ऊन तापलेलं आणि तुम्हाला भूक लागलेली. तुम्ही हात जोडून म्हणालात, "दादा, वहिनींना त्यांच्या घरातून हलवणार नाही." त्याच दमात हेमा म्हणाली, "वहिनींना एकटं ठेवणार नाही." कावळा उतरला, शिवला, आणि मंडळी हुश्श करून पानांकडे पळाली. नक्की कोणाच्या वचनाला शिवला, हे विचारायची फुरसत कोणाला होती?

आता केदार म्हणतो, हेमाच्या वचनाला शिवल्याची शक्यता सत्तर टक्के, कारण आईचा आवाज मोठा आहे. (हे मात्र खरं.) आणि "काकू, बाबांचं वचन पुढच्या टप्प्यातलं होतं, नवी माहिती आली की ते बदलता येतं." मी त्याच्याजवळचं त्या गणिताचं इंग्रजी पुस्तक ठेवून घेतलं आणि शब्दकोश घेऊन बसले. निम्मं कळलं नाही. पण एवढं कळलं, की काही निर्णय आधीच करून टाकावे लागतात, ते मागे घेता येत नाहीत, आणि पुढचे सगळे त्यांना धरूनच घ्यायचे असतात. गेलेल्या माणसाला दिलेला शब्द यात बसत नसेल, तर काय बसतं? आणि ही नवी माहिती ह्यांना कोण कळवणार? तुम्ही की केदार?

मी कोथरूड सोडणार नाही. पुन्हा ते झाड घेऊन कोणी आलं, तर पोहे मिळणार नाहीत.

तुमची वहिनी,
सुहासिनी

ता. क. तिसरं वचन माझं होतं, मनातल्या मनात. "जा तुम्ही, मी रडत बसणार नाही." ते काही पाळलं जात नाही. केदारनं गणितात धरू नये.

ता. क. २. हेमाला थोडे दिवस इकडे पाठवा. मला हलवायचं नाही आणि एकटं ठेवायचं नाही, तर एवढाच मार्ग उरतो. स्वयंपाकघरात माझ्याशिवाय कोणी भांडं आपटत नाही, घर फार मोठं वाटतं. ती आल्यावर मी गोड बोलेन, असं वचन मात्र देणार नाही.