थेंबभर रश्श्याचा आळ

आई, तू खादाडपणानं मेली नाहीस. हे आधी सांगून टाकते, बाकीचं सावकाश लिहिते.

कोल्हापुरातल्या एका हॉस्पिटलात, बायकांच्या वॉर्डात पडून हे लिहितेय. डाव्या हाताला सलाईन आहे, उजवा मोकळा आहे, तेवढा पुरे. तू गेलीस तेव्हा मी नववीत होते. आता एसटीत कंडक्टर आहे, पन्हाळ्याच्या गाडीवर. गर्दीत ओरडून ओरडून माझा आवाज पार तुझ्या हळू आवाजाच्या उलट झालाय. गेले काही महिने बोटांचे सांधे धरत होते, ताप अंगात मुरला होता, उन्हातनं आलं की नाकाच्या दोन्ही बाजूंना गाल लाल व्हायचे. सगळे म्हणाले, ऊन बाधतंय. मग पाय सुजायला लागले, तेव्हा इथं दाखल केलं. चार दिवसांपूर्वी सोनोग्राफी होती म्हणून सकाळपासून उपाशी ठेवलं होतं, आणि त्या उपाशीपोटी माझा वरचा ओठ फुगला. तासाभरात डोळाही मिटला. नर्स धावत आली आणि पहिला प्रश्न तोच, ‘ताई, काय खाल्लं?’ मी म्हटलं, ‘काय खाऊ? तुम्हीच उपाशी ठेवलंय की.’ तिनं लगेच डॉक्टरांना बोलावलं, ते बरं केलं. पण माझं लक्ष तिच्याकडं नव्हतं. मला आपलं हुपरीचं स्वयंपाकघर दिसत होतं.

तू चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडायचं काम करून उठलीयस, बोटं वळत नाहीत, गाल लाल आहेत, ओठ फुगलाय. आत्ती, बाबांची थोरली बहीण, चुलीपाशी बसून चौकशी करतेय. काल काय खाल्लंस? वांगं. झालं, वांगं बंद. पुढच्या खेपेला शेंगदाण्याची चटणी बंद, मग अंडी, मग सुकट, मग मटण. गावातल्या डॉक्टरच्या ॲलर्जीच्या गोळ्यांनी तुला नुसती झोप यायची, सूज हलायची नाही; ती तिच्या मनानं यायची आणि दोन-तीन दिवसांनी तिच्याच मनानं जायची. तुझ्या ताटात शेवटी भाकरी आणि दूध उरलं, आणि घरभराचा तांबडा रस्सा मात्र तूच करायचीस. एकदा मी वाटीत मटणाच्या दोन फोडी लपवून तुझ्याकडं आणल्या. तू माझ्यावरच डाफरलीस. ‘ठेव जा ती वाटी. माझ्यावर आळ आणतीस व्हय?’ मला तेव्हा तुझा राग आला होता. खरं सांगू, अजून येतो. इतकं का ऐकलंस सगळ्यांचं?

जत्रेच्या दिवशी तू सकाळपासून रांधत होतीस. मीठ बघायला रश्श्याचा एक थेंब तळहातावर घेऊन जिभेला लावलास. मी शेजारी कांदा चिरत होते, बघत होते, तेवढंच. दुपारी पाहुणे पंगतीत असताना तुझी जीभ सुजली, मग आवाज गेला. बाबांनी जीप केली. कोल्हापूर यायच्या आधी तुझा श्वास कोंडला. आणि मातीला आलेल्या माणसांदेखत आत्ती म्हणाली, ‘जीभ आवरली न्हाय तिला.’ हुपरीत तुझा विषय निघाला की अजून हेच निघतं. रश्श्यापायी गेली म्हणतात.

इथल्या डॉक्टरबाई वेगळ्या निघाल्या. ओठ बघून त्यांनी विचारलं, ‘खाज येते?’ नाही. ‘अंगावर पित्ताच्या गांधी?’ नाही. मग गाल बघितले, बोटं दाबून बघितली, रक्त तपासायला पाठवलं. ल्युपस आहे म्हणाल्या. शरीराची राखण करणारी शक्ती शरीरावरच उलटते. क्वचित त्याच गडबडीत सूज आवरून धरणारं रक्तातलं एक प्रथिन कमी पडतं, मग ओठ, डोळे, जीभ, कधी गळासुद्धा आतून फुगतो. माझ्या रक्तात तेच दिसलं. ती सूज यायला काही खावं लागत नाही आणि ॲलर्जीच्या औषधाला ते दाद देत नाही, त्याचे उपचार वेगळे. गळ्याशी आलं तर क्षणभर थांबायचं नाही, एवढं त्यांनी दोनदा बजावलं. घरात आणखी कुणाला होतं का, असं विचारल्यावर मी तुझं सगळं सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या, मधे एकदाही घड्याळ बघितलं नाही.

काल आत्ती आली, डब्यात मुगाची खिचडी घेऊन. आता कमरेत वाकलीय, पण तोंड तेच. माझं तोंड बघितलं आणि म्हणाली, ‘आईवाणीच झालं की गं. आता तरी जीभ आवर, मटण-बिटण बंद कर.’ आई, माझं टाळकंच सरकलं. सुजल्या तोंडानं मी अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं बोलले. ‘आत्ती, माझ्या पोटात त्या दिवशी पाणीसुद्धा न्हवतं, तरी सुजले. आईला हाच आजार होता. तिची जीभ वाईट न्हवती. तिनं एक थेंब चाखला, तोही तुमच्या पंगतीसाठी. परत तिच्या जिभेचं नाव काढायचं न्हाय.’ शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. आत्तीनं हातातला डबा खाटेवर ठेवला. मग म्हणाली, ‘डॉक्टरीण तसं नक्की म्हणाली?’ मी म्हटलं, ‘नक्की.’ तिनं पदरानं तोंड पुसलं, आणि जाताना म्हणाली, ‘घरात सांगते मी सगळ्यास्नी.’

हे कागद मी कुणाला देणार नाही, दाखवणारही नाही. कारण डॉक्टरबाई नक्की म्हणाल्या नव्हत्या. ‘असू शकेल,’ एवढंच म्हणाल्या. गेलेल्या माणसाचं रक्त आता कसं तपासणार, म्हणाल्या. ‘नक्की’ हा शब्द माझा आहे. हुपरीतनं कुणी परत विचारायला आलं, तरी मी तोच सांगणार आहे.