काट्यांत लपलेली पोरं

दिक्सम, सोकोत्रा
६ नोव्हेंबर

प्रिय सालमीनदादा,

सलाम. अजमानला तुझी तब्येत बरी असेल. इथे सगळं ठीक. बाबांचा गुडघा चालत नाही, त्याची भरपाई जीभ करते.

एक गंमत कळवायची आहे. परवा शेळ्यांमागे हिंडताना एका काटेरी झुडपात आपल्या रक्तडिंकाच्या, रक्तासारखा लाल डिंक गाळणाऱ्या झाडाचं रोप दिसलं. चार बोटं उंच. कोणी लावलेलं नाही, राखलेलं नाही. काट्यांमुळे शेळीचं तोंड पोचलं नाही, एवढंच त्याचं नशीब. तेव्हापासून मला खूळ लागलंय. दिसेल त्या झुडपात डोकं घालते, हात ओरबाडून निघालेत. अकरा रोपं सापडली! म्हाताऱ्या झाडांखाली एकही पोर नाही म्हणून सगळं गाव रडतं, आणि पोरं काट्यांत लपलेली. तीच झुडपं आपण जळणाला तोडतो. आता मी बायकांना अडवते, त्या मला हसतात.

बाबांना नेऊन दाखवलं. बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग म्हणाले, "सालमीनची रोपं आज वीतभर झाली असती."

नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तुझं नाव घेतलं. मला राहवलं नाही.

दादा, तू लावलेल्या त्या चाळीस रोपांच्या कुंपणाचं फाटक तू उघडं टाकलं नव्हतंस. मी उघडलं होतं. त्या दुष्काळात माझी शेळी उपाशी होती आणि हिरवं काय ते आतच होतं. एकच घास, असं ठरवलं होतं. तिने चाळीसही रोपं फस्त केली. आत शिरलेली शेळी कापून गावजेवण घालायचं, हा आपला नियम. म्हणून तिला गुपचूप बाहेर काढलं, घाईत फाटक तसंच राहिलं. आदल्या संध्याकाळी पाणी तू घातलं होतंस, म्हणून आळ तुझ्यावर आला. बाबा चारचौघांत तुला नाही नाही ते बोलले आणि मी शेळीच्या गळ्यात हात टाकून गप्प बसले. दहा वर्षांची होते, पण कळत होतं.

हे सगळं बाबांना सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "त्याला लिही, कुंपणाची भिंत दोन जागी ढासळलीय. मला एकट्याला दगड उचलवत नाहीत." यापेक्षा जास्त माफी त्यांना मागता येत नाही, तुला ठाऊक आहे.

एकच विचारायचंय. त्या सकाळी ओल्या मातीत माझी पावलं उमटली होती. बाबा यायच्या आत तू ती पायाने पुसलीस. मी दगडाआडून पाहत होते. का पुसलीस रे?

उत्तर लिहू नकोस. येऊन सांग.

तुझ्या पायाने वाचलेली,
मैमूना