जमिनीवरच्या पिवळ्या खुणा

३ तारीख
पोचलो, बस्तानही बसले. विमानतळाची धावपट्टी लांबवायची आहे. त्याआधी जमिनीच्या पोटातले नळ, तारा, गटारे हलवायची. या कामाचा पत्रव्यवहार माझ्याकडे. संस्कृत घोकल्याचे अखेर चीज झाले: गटाराला मी 'मलवाहिनी' लिहिले की साहेबांचा चेहरा उजळतो. कार्यालय पत्र्याचे, जमीन फळ्यांची. पण खिडकी आहे, पंखा आहे, आणि चहा न मागता येतो. हिला तसे कळवले.

४ तारीख
इथला खरा विद्वान खुणेवाला. यंत्र फिरवून खाली काय पुरले आहे ते शोधतो आणि वर पिवळ्या रंगाने बाण काढून किती मीटर खाली तेही लिहितो. डावखुरा, म्हणून सगळे बाण डावीकडे कललेले. मला पंडित म्हणतो. पंडित, तुम्ही मेलेली भाषा वाचता आणि मी पुरलेल्या तारा, म्हणजे आपला धंदा एकच, म्हणाला. मी म्हटले, बाबा रे, तुझ्या तारांना निदान करंट तरी असतो.

त्यानेच इथला नियम सांगितला. धावपट्टीखाली येणाऱ्या जुन्या भुयारी नाल्यात उतरणारा आपला नंबरचा बिल्ला नाल्याच्या तोंडाशी असलेल्या फळीवर अडकवतो आणि वर आला की स्वतःच काढतो. दुसऱ्याने हात लावायचा नाही.

६ तारीख
आज नाला काँक्रीटने भरला. पोकळ ठेवला तर विमानाच्या वजनाने खचेल. साहेब पाहुण्यांना घेऊन येणार म्हणून मी तोंडाशी जरा आवराआवर केली. फळीवर एक बिल्ला लोंबत होता. जेवणाची वेळ, कोणीतरी विसरला असेल, असे वाटले. खिशात टाकला. साहेबांनी फळी रिकामी पाहिली, हात हलवला, पंप सुरू झाला.

तीन वाजता खुणेवाल्याचा जेवणाचा डबा बाकावर तसाच बंद दिसला. खिशातला बिल्ला काढून नंबर पाहिला. त्याचाच.

नाल्याला तोंड एकच. तोवर तो निम्माच भरला होता.

उठलो. साहेब पाहुण्यांशी हसत होते. त्यांचे एवढे बोलणे होऊ दे, म्हटले.

पंप साडेचारला थांबला.

८ तारीख
त्याची बायको आली. न सांगता कुठे जायचा माणूस नव्हे, म्हणाली. दुसरीकडे बरे काम मिळाले असेल, असे कोणीतरी पुटपुटले. मग तिने मलाच गाठले. भाऊजी, हे घरी तुमच्याबद्दल फार बोलायचे. तुमचे अक्षर चांगले, हरवल्याचा अर्ज तुम्हीच लिहून द्या.

लिहून दिला. एकही खाडाखोड नाही.

१० तारीख
भरलेल्या नाल्यावर पिवळा बाण. रंग ओला. डावीकडे कललेला. २ मीटर.

साहेब कामगारांवर ओरडले. कोणीच कबूल होईना.

११ तारीख
कालचा बाण खरवडून काढला होता. आज त्याच्या पुढे दुसरा, कार्यालयाकडे वळलेला. १.५.

त्याची बायको बाहेर बाकावर बसून असते. मला पाहिले की उठून उभी राहते. उठू नका म्हणायचेही धाडस होत नाही.

१२ तारीख
पायरीशी. ०.८.

साहेबांना सगळे सांगितले. त्यांनी दार लावून घेतले. पंडित, आता फोडून तो परत येणार आहे का? आपण दोघे मात्र आत जाऊ. हे कुठे लिहून ठेवू नका, म्हणाले.

मी मान डोलावली. सहा तारखेसारखेच, पुन्हा एकदा —

१३ तारीख
टेबलाखाली. माझ्या पायांच्या मधोमध. ०.२.

फळ्या खालून वाजताहेत. घाईने नाही — दाराशी ताटकळलेला माणूस वाजवतो तसे —

ती बाहेरच आहे. चार पावले. उठायचे, सांगायचे. पण पाय उचलवत नाहीत. आवाजही फुटत नाही. म्हणून इथेच लिहितो, वही खिडकीतून तिच्याकडे —

वहिनी, ते नाल्यात होते. मला तीन वाजता कळले. तेव्हा ते अजून जिवं