ताटाच्या कडेची भाजी

मु. पो. मूल
१४ जुलै २०२४

चि. कुलदीप यास आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक आहे. धानाची रोवणी अर्धी झाली. तुझी वहिनी रंजीता शेतात, बांधीवरच आहे, म्हणून घर रिकामे आहे आणि लिहायला बसलो.

तुझे नाव पेपरात वाचले. आपल्या टेकडीच्या काळ्या मातीतून निकेल हा धातू ओढून पानांत साठवणारी नवी वनस्पती तू शोधलीस आणि तिला मायचे, रुखमाचे, नाव दिलेस. सत्काराला वहिनीला घेऊन ये, असे तू फोनवर म्हणालास. 

पेपरात आहे की पानांची तपासणी मागच्या दिवाळीआधीच झाली होती. दिवाळीत तू घरी होतास. मायने टेकडीवरची तीच भाजी केली होती, तुला लहानपणापासून आवडते म्हणून. तू वरण-भात खाल्लास आणि भाजी ताटाच्या कडेला सारलीस.

"काऊन रे, शयरात राहून जीभ बदलली का तुही?" माय म्हणाली.

"पोट भरलं, माय."

वाया जाऊ नये म्हणून मायने ती भाजी तुझ्या ताटातून आपल्या ताटात घेतली. तू बघत होतास.

होळीनंतर माय गेली. किडन्या कशाने खराब झाल्या ते सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. मीही ते तुझ्यावर टाकत नाही. पण त्या पानांत विष आहे हे त्या दिवशी तुला माहीत होते. शोध छापून येईपर्यंत कोणाला कळू द्यायचे नव्हते, हे तूच परवा फोनवर सांगितलेस, आणि हसलास. परक्यांपासून लपवायचे ते तू मायपासूनही लपवलेस.

गावातल्या बाया अजून ती भाजी तोडून आणतात. काल मी शेजारच्या इंदुताईंना अडवले. त्या म्हणाल्या, "तुह्या भावानं तं मायचं नाव देल्लं तिले. वाईट असती तं देल्लं असतं काय?"

 याचे उत्तर तू दे. ग्रामपंचायतीसमोर उभा राहा आणि बायांना तुझ्या तोंडाने सांग की ही भाजी खाऊ नका. त्यानंतर घरी जेवायला ये. सत्काराला मी येणार नाही. मायचा फोटो मागितलास, तोही तोवर पाठवणार नाही.

अजून तरी तुझा मोठा भाऊ,
हेमराज